तीन बोटं पाणी

माठ तीन बोटं उतरला होता. सुनंदाने झाकणी उचलून ओगराळं आत सोडलं, हात अजून वरच होता आणि ते पाण्याला लागलं. तिने डोकावून पाहिलं. सकाळी सहाला तिने तिच्याच हाताने तो गळ्यापर्यंत भरला होता, वाळ्याची पुरचुंडी टाकली होती, बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळलं होतं. आता चार वाजून गेले होते. अकरा बायका आठ तास पापड लाटून नुकत्याच घरी गेल्या होत्या, तेही पंखा बंद ठेवून, कारण वाऱ्याने पापडाच्या कडा सुकतात आणि लाटताना चिरतात. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन चार दिवस झालेले. जळगावात अशा दिवसांत भिंतीला पाठ लावली तरी चटका बसतो. आणि अकरा बायकांनी मिळून तीन बोटं पाणी संपवलं होतं. तिने उगाच बोटं आडवी लावून पुन्हा मोजलं. तीनच.

माठ रिकामा करायचं काम तिचं नव्हतं. ते बेबाचं. रोज चारला बाकीच्या बायका पोळपाट-लाटणी धुऊन कोपऱ्यात उभी करायच्या, पदर झटकून निघायच्या, आणि बेबाबाई मागे राहून माठ उचलायची, उरलेलं पाणी तुळशीला घालायची, माठ आतून काथ्याने घासून पालथा ठेवायची. सात वर्षं हेच. कोणी सांगितलं नव्हतं तिला. सुनंदा तेव्हा आतल्या खोलीत माल बांधत असायची आणि बाहेरून तुळशीच्या कुंडीत पाणी पडल्याचा आवाज यायचा, बराच वेळ यायचा. तो आवाज तिला आवडायचा. दिवस संपला असं वाटायचं. तुळस भर वैशाखात हिरवीगार होती आणि त्यावरून बायका सुनंदाची थट्टा करायच्या, अक्का, तुमची तुळस काय पापड खाते का. काल माठ पालथा घालून बेबा कंबर धरूनच घरी गेली. आज सकाळी तिची सून रुखमा येऊन सांगून गेली की सासूला ताप आहे, सरकारी दवाखान्यात ठेवलं आहे, फार काही नाही. सुनंदाने मान हलवली होती आणि हातातलं पीठ कुटत राहिली होती. आज तुळशीला पाणी घालायला कोणी नव्हतं म्हणून तिने झाकणी उचलली, एवढंच.

तीन बोटं म्हणजे किती ते तिला माहीत होतं. तेच तर वाईट होतं. दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, बायकांना तहान नसेल, घरून पिऊन येत असतील. सुनंदाला तसं वाटून घेता येईना. तीन बोटं म्हणजे चुळा. तोंडात घोट घ्यायचा, इकडून तिकडे फिरवायचा, टाळूला लावायचा, जीभ त्यात बुडवून ठेवायची आणि थुंकून टाकायचा. घशाखाली जाऊ द्यायचा नाही. ही विद्या तिला तेराव्या वर्षी आईने शिकवली होती, डाळमिलमध्ये. आई, झुंबरबाई, नशिराबादहून रोज पायी यायची, तुरीच्या ढिगासमोर उकिडवी बसून दिवसभर चाळण मारायची, आणि शेजारी सुनंदाला बसवायची. डाळीची पिवळी भुकटी नाकात, पापण्यांवर, घशात जायची. पहिल्या दिवशी सुनंदा नळाखाली ओंजळ धरून घटाघटा प्यायली तेव्हा आईने पाठीत धपाटा घातला होता. “गियू नको. तोंड वलं कर अन् थुकून दे.” का ते दुपारी कळलं. गोदामामागे बायकांसाठी एक संडास होता आणि त्याची किल्ली जीवराम मुकादमाच्या करगोट्याला होती. त्याच्याकडे जाऊन उभं राहावं लागायचं. तो विडी ओढत असायचा, लगेच पाहायचा नाही. मग पाहायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचा, “काय गं, परत?” त्या ‘परत’वर हमाल हसायचे. तेरा वर्षांच्या सुनंदाने ती किल्ली दोनदा मागितली. तिसऱ्यांदा नाही मागितली. बेबा तिथेच भेटली. पारोळ्याकडची, हिच्याहून दोन वर्षांनी मोठी, दातांत फट, सारखी हसणारी. पोटात कळ आली की दोघी एकमेकींचा दंड दाबून धरायच्या आणि बेबा कानात मुकादमाला अशा काही शिव्या द्यायची की हसू आवरता आवरता कळ विसरली जायची, किंवा उलट, हसण्यानेच फजिती व्हायची वेळ यायची. आईचे पाय पुढे सुजायला लागले. मग तोंड. गावच्या वैद्याने मीठ बंद करायला सांगितलं. पाण्याबद्दल कुणी विचारलं नाही, आईनेही सांगितलं नाही. भाऊ दर आखाजीला नशिराबादला तिच्या नावाची घागर भरतो. नवी लाल घागर, वर छोटं मडकं, त्यावर डांगर म्हणजे खरबूज, शेजारी आमरस-पुरणपोळी. वर्षाचा हा एक दिवस पितर येतात आणि पोटभर पाणी पिऊन जातात असं म्हणतात. सुनंदा चारच दिवसांपूर्वी तिथे जाऊन हात जोडून आली होती. येताना त्याच कुंभाराकडून कारखान्यासाठी हा नवा माठ घेतला होता.

कारखाना हा शब्द नवऱ्याचा. तो एसटीत चालक, तीन दिवस रस्त्यावर आणि एक दिवस घरी, आणि घरी असला की पोळपाट ओलांडत चहा शोधायचा आणि म्हणायचा, आज कारखान्याला सुट्टी नाही का. सुनंदा स्वतः ‘आपलं काम’ म्हणायची. चौऱ्याऐंशी साली सुरू केलं तेव्हा ती आणि बेबा, दोघीच. काय काय करायचं नाही ते दोघींनी आधी ठरवलं होतं. ओरडायचं नाही. कुणाला नावाऐवजी ‘ए’ म्हणायचं नाही. उकिडवं बसवायचं नाही, प्रत्येकीला चटई. लाटताना तेलात बुडवलेली एखादी लाटी तोंडात टाकली तर बघायचं नाही, घरी पापड करताना बघतो का आपण? आणि पाणी. पाण्याचं सुनंदाने सगळ्यात आधी सांगितलं होतं, माठ मी भरणार, रोज, माझ्या हाताने. बेबा हसली होती. जिल्ह्याच्या कचेरीतून एक बाई मागे पाहणी करायला आल्या, त्यांनी चटया पाहिल्या, माठ पाहिला, अंगणात गेल्या, आणि वा, स्वच्छतागृह पण आहे, म्हणून वहीत लिहून घेतलं. सुनंदाचा ऊर भरून आला होता. दाराला कुलूप होतं हे त्या बाईंना दिसलं असेलच. त्यांना किंवा सुनंदाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

कुलूप तिनेच लावलेलं. समोर बसस्टँड, अंगणाला फाटक नाही, येणारा-जाणारा उतारू सरळ आत शिरायचा आणि सगळी घाण करून जायचा. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिने नाकाला पदर लावून ते सगळं धुतलं आणि त्याच दिवशी पितळी कुलूप आणलं. बायकांना म्हणाली, किल्ली इथे खिळ्याला आहे, लागली की घेत जा. खिळा होता तोलकाट्यामागच्या भिंतीत. तोलकाट्यापाशी बन्सीलाल बसायचा, व्यापाऱ्याचा माणूस, अकरा वाजता यायचा आणि माल होईपर्यंत पाय पसरून पेपर वाचायचा. वाईट माणूस नव्हता. तोंडातून कधी वावगा शब्द नाही. सुनंदा त्याच्या डोक्यावरून हात घालून किल्ली घ्यायची आणि जायची, परत आणून लावायची. तिला कधी कुणाला मागावी लागली नाही. बायका जातात की नाही हे तिने दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. पाहायची गरज काय, संडास आहे, किल्ली आहे, माठ भरलेला आहे. तिने आता मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. किल्लीला तिने लाल दोरा बांधला होता, हरवू नये म्हणून. दोरा नव्यासारखा लाल होता. अकरा जणींच्या तेलकट हातांतून दोन वर्षं फिरलेला दोरा असा राहत नाही.

कमलबाई तेवढ्यात चप्पल विसरली म्हणून परत आली. साक्रीकडची, शांत बाई, हात भराभर चालणारा. सुनंदाने विचारलं, “कमलबाई, आज पाणी प्यायलीस का गं?”

“पिधं ना, अक्का.”

“किती?”

कमलबाईने चपलेत पाय सरकवला, मग दुसरा. उघड्या माठाकडे पाहिलं आणि तिला कळलं. “चूळ भरी लेतस,” ती म्हणाली. “बठ्ठ्याच. बेबाअक्काच सांगे, नवी बाई ये तशी तिले. पानी अक्का भरस, तिले वाईट वाटाले नको, म्हनीसन माठ ती रिकामा करी दे.” आणि मग, जणू सुनंदालाच धीर द्यायचा आहे अशा आवाजात, “आमले सवय शे, अक्का.”

ती गेली. सुनंदा माठापाशी तशीच बसून राहिली. तिला राग यायला हवा होता आणि कुणावर यावा ते कळत नव्हतं. सात वर्षांतली शेवटची दोन वर्षं रोज चार वाजता तो तुळशीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज, तो एवढा लांबायचा कसा, हे तिला एकदाही खटकलं नव्हतं. बेबा तिथे उभी राहून भरलेला माठ ओतत होती. नव्या बायकांना ती शिकवत होती ते झुंबरबाईने शिकवलेलं. म्हणजे आई इथे होती, याच ओसरीवर, सुनंदाच्या चटईवर बसून अकरा बायकांना सांगत होती की गियू नको. आणि सुनंदाच्या कमरेला करगोटा नव्हता एवढाच काय तो फरक. तिला एकदम तहान लागली. ओगराळ्याने पेला भरला, तोंडाला लावला आणि तसाच खाली ठेवला.

दवाखान्यात बेबा भिंतीकडच्या खाटेवर होती. एका दिवसात तिचं तोंड फुगलं होतं, डोळे त्यात आत गेले होते. हे तोंड सुनंदाने आधी पाहिलेलं होतं. पाहताक्षणी ओळखलं आणि दारातच थबकली. रुखमा उशाशी बसून पुठ्ठ्याने वारा घालत होती. तरुण डॉक्टर फेरीवर होता. त्याने सुनंदालाच नातेवाईक समजून बाजूला घेतलं आणि विचारलं, यांना लघवी तुंबवायची सवय आहे का? पाणी पीत नाहीत का? हे एका दिवसाचं नाही, वर्षांचं आहे. कामाला कुठे जातात? सुनंदा म्हणाली, “पापड लाटायला.” कुणाकडे, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर आपण काय सांगितलं असतं याचा ती नंतर पुष्कळ दिवस विचार करत राहिली.

ती खाटेच्या कडेला बसली. बेबाने डोळे उघडले आणि दातांतली फट दाखवली. “माठ पाह्या वाटतं तू आज,” ती म्हणाली.

सुनंदाला रडू यायला लागलं. “किल्ली तिथेच होती ना गं. मी नाही म्हटलं असतं का?”

“नई म्हनती नई तू. माले म्हाईत शे.”

“मग?”

“बन्सीलाल बठेल ऱ्हास तठे. तेना डोकावरथून हात करीसन लेवानी का?” बेबा थांबली. धाप लागत होती. “आनि मांगू कोनले? तुले? मुकादमले मांगताना राग तरी येये. तुले मांगानी लाज वाटे. तू इतलं करस आमनं. माठ भरस. चटाया शेतस. आते हाई बी सांगू?” मग सुनंदाचा चेहरा पाहून तिने विषय हसण्यावारी नेला, नेहमीसारखा. “रडू नको. मी मरसु ना, ते मनी आखाजीनी घागर तू भरजो. काठोकाठ. तठे किल्ली मांगाले नई लागस.” रुखमा म्हणाली, आत्याबाई, असं अभद्र बोलू नका. सुनंदाने तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून बेबाच्या ओठांना लावलं, डॉक्टरांनी प्यायला सांगितलंय म्हणाली. बेबाने घोट घेतला. गाल हलले. डोळे थुंकायला खाटेखालची चिलमची शोधायला लागले. सुनंदा तिच्या कानाशी वाकून म्हणाली, “गिळ, बेबा. गिळ गं.” बेबाने तिच्याकडे पाहिलं. सुनंदाने तिचा दंड दाबून धरला, डाळमिलमध्ये धरायची तसा. फार वेळाने गळ्याची घाटी हलली.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने कुलूप काढलं. तोलकाटा उचलून पुढच्या पडवीत नेला आणि बन्सीलालला तिथेच खुर्ची दिली. तो म्हणाला इथे ऊन लागतं. लागू दे, सुनंदा म्हणाली. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची सावलीत ओढून पेपर उघडला. फाटक बसेपर्यंत महिना गेला, तोवर उतारू पुन्हा आत शिरायला लागले आणि रोज पहाटे बादली-खराटा घेऊन तिनेच धुतलं. बायकांशी ती काही बोलली नाही. बोलायचा प्रयत्न केला, पण त्या माना खाली घालून भराभर लाटायला लागल्या, जणू त्यांचीच काही चूक सापडली होती. ती फक्त माठ पाहत राहिली. पहिल्या दिवशी तीन बोटं. दुसऱ्या दिवशी तीन. आठवड्याने चार झाली तेव्हा तिला वाटलं, मोजण्यात चूक झाली. पाऊस सुरू झाल्यावर कमलबाई एकदा उठून, सगळ्यांसमोर, कुणाकडेही न पाहता अंगणात जाऊन आली. परत येऊन पोळपाटापाशी बसली आणि तिचे कान लाल झाले होते. त्या दिवशी माठ अर्धा झाला. सुनंदा हे सांगायला धावत दवाखान्यात बेबाकडे गेली. बेबाला तोवर माणसं नीट ओळखू येत नव्हती. श्रावणात ती गेली. पाणी डॉक्टरांनीच बंद केलं होतं तोवर, अंगातलं पाणी बाहेर पडेना म्हणून. शेवटचे दिवस ती एकसारखी पाणी मागत होती आणि कुणी देत नव्हतं.

रुखमा तेराव्यानंतर कामावर आली. सासूच्याच चटईवर बसली, सासूचंच लाटणं, हातही तसाच हलका. कमी बोलायची. पुढच्या आखाजीला तिने सुनंदाला घरी बोलावलं, मावशी, आत्याबाई म्हणून गेल्या होत्या, घागर तुम्हीच भरा. सुनंदा यापूर्वी बेबाच्या घरी ओट्यापर्यंतच आली होती, आत कधी नाही. एक खोली, पत्रा, कोपऱ्यात वीतभर मोरी. गव्हाच्या राशीवर लाल घागर ठेवलेली. रुखमाने हंड्यातून पाणी काढून दिलं आणि सुनंदा भरत गेली, काठापर्यंत, मग काठावर चढून पाणी थरथरायला लागलं तरी. “बस, मावशी,” रुखमा म्हणाली. वर छोटं मडकं ठेवलं, डांगर ठेवलं. बेबाच्या मुलाने अग्यारीवर, पितरांसाठी पेटवलेल्या निखाऱ्यांवर, तूप सोडून घास टाकला. तूप जळाल्याचा वास खोलीत भरला. सुनंदा हात जोडून घागरीकडे पाहत होती. पाणी कणभरही उतरलं नव्हतं. येते आणि पिऊन जाते म्हणतात. तिला वाटलं, आली असेल, तोंड ओलं करून गेली असेल.

मुलगा घास घेऊन बाहेर गेला. सुनंदाने सहज विचारलं, “तुम्ही बायका जाता कुठे गं इथे?” रुखमाने भिंतीपलीकडे हात केला. पलीकडे रेल्वेची पडीक जमीन होती, बाभळी होत्या. अंधार पडल्यावर, ती म्हणाली. पहाटे नाहीतर अंधार पडल्यावर. एवढी वर्षं सुनंदाला हे माहीत नव्हतं असं नाही. सगळ्यांचंच तसं होतं. पण आज ते तिच्या डोक्यात नीट बसलं, की बेबाच्या अख्ख्या जन्मात कुणाला न मागता दिवसाउजेडी जाता येईल अशी दाराची जागा एकच झाली होती, आणि तिला सुनंदाने कुलूप लावलं होतं. तिच्या घशाला कोरड पडली. रुखमाने ते पाहिलं आणि पेला भरून तिच्या हातात दिला. सुनंदाने मोठा घोट घेतला आणि तो तोंडातच राहिला. पुढे जाईना. ती गाल फुगवून तशीच बसली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

रुखमाला त्यात काही विशेष वाटलं नाही. ती उठली, मोरीवरची बादली बाजूला सरकवून तिने जागा करून दिली आणि सहज आवाजात म्हणाली, “थुका ना, मावशी. आम्ही बठ्ठ्या आठेच थुकतस.”

सुनंदाने तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांची पोर, पदर खोचलेला, पायाला किंचित सूज. काल माठ किती उतरला होता ते सुनंदाला आठवेना. अर्धा झाल्यापासून तिने मोजणं सोडून दिलं होतं.